‘सकाळी फिरायला जात चला’ : नैराश्याच्या एका प्रशिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातूर-धाराशिवच्या सीमेवरल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं आहे. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी (सगळे त्यांना सीएचओच म्हणतात), दोन आरोग्यसेविका आणि काही आशाताई अशा अकरा जणांना नैराश्याच्या रुग्णांसोबत काम करायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि याच भागात प्रशिक्षणं घेते. गावांची नावं दिलेली नाहीत. रुग्ण ओळखू येईल असे तपशीलही बदलले आहेत.

गरज कुणाला पटवून द्यावी लागली नाही. उपकेंद्राच्या बाकावर रोज दोन-तीन जण तरी असे असतात : डोकं जड, अंगात बळ नाही, झोप नाही, ‘मॅडम, एक सलाईन लावा ना.’ रक्तदाब ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन थोडं कमी. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन माणूस घरी जातो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आमच्या बाकावरचं चित्र काही वेगळं नाही. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे जायचं म्हणजे एसटीचं भाडं, एका दिवसाची मजुरी आणि ‘कुठं गेल्ती?’ या प्रश्नाला तयार ठेवलेलं उत्तर, एवढं सगळं लागतं.

बिहेवियरल ॲक्टिव्हेशन (थोडक्यात बी.ए.) ही पद्धत निवडली त्याचं कारण सरळ होतं. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सोडलेल्या गोष्टीसोबत तिच्यातून मिळणारं समाधान, माणसांची सोबत, ‘आज काहीतरी झालं’ ही भावनाही जाते. मग मन आणखी खाली जातं आणि आणखी काही सुटतं. मन ताळ्यावर आलं की करू, असं आपण म्हणतो. ही पद्धत उलटी चालते : आधी छोटी, ठरवलेली, त्या माणसाला मोलाची वाटणारी कृती, आणि तिच्यामागून मन. विचारांची गुंतागुंत उलगडत बसावं लागत नाही, म्हणून मानसशास्त्राची पदवी नसलेल्यांनाही शिकवता येते. १९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लुइनसोन यांनी ही मांडणी सुरू केली. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी वर्तन आणि विचार अशा दोन्हींवर काम करणाऱ्या उपचारातला नुसता वर्तनाचा भाग वेगळा काढून पाहिला, तेव्हा तो पूर्ण उपचाराइतकाच चालला. आमच्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण गोव्याचं. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा असा कार्यक्रम राबवला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या मर्यादेखाली आले होते. नेहमीच्या उपचाराला थोडी जोड दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

गोव्यात जमलं, मग इथे का नाही, एवढ्या भांडवलावर मी कामाला लागले.

अडचण कुठे होती

पोळ्याच्या आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर आकृत्या, नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी, थोडा लुटुपुटुचा संवाद, शेवटी लेखी परीक्षा. सगळे पास. ‘मॅडम, बी.ए. तर माझं झालंय, आता हे दुसरं बी.ए. का?’ असं एका आशाताईने विचारलं आणि हॉल हसला. प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला.

नोव्हेंबरात मी एका उपकेंद्रात भेटी बघायला बसले. सीएचओ तरुण, बीएएमएस झालेली, कामाला चोख. समोर चव्वेचाळीस वर्षांची बाई. दोन वर्षांपूर्वी मुलीचं लग्न झालं, त्याचं कर्ज अंगावर. सासू पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं हिच्याच हातून. गेल्या दिवाळीपासून झोप उडाली होती, जेवण निम्म्यावर आलं होतं. संवाद असा झाला :

‘मावशी, मन रमवायला पाहिजे. सकाळी अर्धा तास फिरायला जात चला.’

‘दिवसभर रानात चालतेच की मॅडम.’

‘तसं नाही. मोकळं चालायचं. गाणी ऐकायची. आणि विचार करायचा नाही.’

‘बरं.’

ते ‘बरं’ मी अजून विसरलेले नाही. बाईंनी पदर सावरला, गोळ्यांची पुडी उचलली आणि गेल्या. वहीत नोंद पडली : ‘कृती नियोजन केले. भेट २ पूर्ण.’

त्या दिवशी मी इतर उपकेंद्रांच्या वह्या मागवल्या. सगळीकडे तेच : फिरणे, योगासन, गाणी, सकारात्मक विचार. जणू सगळ्या गावांत एकच रुग्ण होता.

याचं खापर प्रशिक्षणार्थींवर फोडणं सोपं होतं आणि पहिले दोन दिवस मनातल्या मनात मी ते फोडलंही. पण बघा, या माणसांचं रोजचं काम काय? लोहाच्या गोळ्या घ्या, पाणी उकळून प्या, बाळाला सहा महिने अंगावरचंच पाजा. सल्ला देणं हीच त्यांची नोकरी. मी दोन दिवसांत त्यांना नवा सल्ला दिला आणि तो त्यांनी पुढे पोचवला.

दुसरी चूक निखळ माझी. प्रशिक्षणात मी ‘आनंददायी कृतीं’ची एक यादी वाटली होती, शहरातल्या साहित्यावरून उचललेली. तीत बागकाम होतं, मित्रमैत्रिणींसोबत कॉफी होती, आणि ‘निवांत गरम पाण्याने अंघोळ’ होती. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मी निवांत अंघोळ घेऊन गेले होते. हॉलमध्ये कुणी हसलंसुद्धा नाही, आणि खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर होती, पण ती मला अजून दिसली नव्हती.

समोरचे पर्याय

तालुका पातळीवर बैठक झाली. उजळणी प्रशिक्षण घ्या, ही पहिली सूचना. ते करणं सोयीचं होतं, त्याला निधीही मिळाला असता. पण परीक्षेत सगळे आधीच पास होते. माहिती कमी पडलेली नव्हती, त्यामुळे आणखी माहिती देऊन काही हलणार नव्हतं.

ग्रामीण रुग्णालयात एक पूर्णवेळ समुपदेशक बसवा आणि सगळे रुग्ण तिकडे पाठवा, असं एका अधिकाऱ्यांचं म्हणणं. दर्जा सांभाळला गेला असता, हे खरं. पण आमची बाई सासूला कुणाच्या जिवावर टाकून दर आठवड्याला तालुक्याला जाणार होती? सगळं आशाताईंवर सोपवावं, हाही एक विचार आला. घरात शिरकाव त्यांचाच. मात्र त्यांचा बराचसा मोबदला कामागणिक मिळतो आणि या कामाचा रकानाच त्यांच्या तक्त्यात नाही. फुकट राबवायला आणखी एक काम, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. शिवाय आशाताई त्याच गावची, कुणाची भावकी, कुणाची शेजारीण. काही बायका तिच्याजवळ मोकळ्या होतात, काही तिच्यापासूनच लपवतात.

मी मांडलेला पर्याय बैठकीत फिका वाटला. नवीन काही शिकवायचं नाही. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता जमायचं, रुग्णाची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केलेली भेट सगळ्यांनी मिळून ऐकायची आणि ऐकून झाली की सगळ्यांसमोर पुसून टाकायची. गोव्याच्या कार्यक्रमातही समुपदेशक एकमेकांची सत्रं ऐकून गुण देत आणि त्यावर चर्चा करत. ६४ टक्क्यांचा आकडा मी पाठ केला होता, हा भाग मात्र वाचून पुढे गेले होते.

परवानगी मिळाली ती ‘खर्च काही नाही ना?’ या प्रश्नाच्या उत्तरावर.

काय केलं

पहिल्या गुरुवारी आम्ही एकच गोष्ट मोजली : कोण किती बोललं. त्याच सीएचओने स्वतःहून आपली भेट दिली आणि आरोग्यसेविकेने घड्याळ धरलं. बारा मिनिटांच्या भेटीत मावशींच्या वाट्याला दोन मिनिटंही आली नव्हती. खोलीत शांतता. मग सीएचओच म्हणाली, ‘मी तर त्यांना बोलूच देत नाहीये.’ मी दोन दिवस आकृत्या काढून जे सांगू शकले नव्हते, ते तिला बारा मिनिटांत ऐकू आलं.

तिथून दोन नियम निघाले. पहिल्या भेटीत सल्ल्याला बंदी. आणि ‘तुम्हाला काय आवडतं?’ हा प्रश्न रद्द. या प्रश्नावर बायका गोंधळून हसतात; आवड ही चीज त्यांना कुणी विचारलेलीच नसते. त्याऐवजी : ‘आधी करत होतात आणि आता सुटलं, असं काय काय?’ हा प्रश्न एका आशाताईच्या बोलण्यातून आला, माझा नाही. तोच पद्धतीच्या गाभ्याशी जास्त जवळ आहे.

दुसऱ्या गुरुवारी ती तिसरी गोष्ट समोर आली. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रेकॉर्डिंगमध्ये तो असा विचारला गेला होता : ‘आणि तसलं काही वाईट-साईट मनात येत नाही ना?’ उत्तर अर्थातच ‘नाही’. दुसरी भेट ऐकली, तिसरी ऐकली. सगळीकडे ‘ना?’ होताच. एका ठिकाणी तर प्रश्न विचारलाच नव्हता, शून्यावर खूण तेवढी होती. ‘आपण विचारलं आणि त्यांच्या डोक्यात आलं तर?’ ही भीती सगळ्यांना होती. विचारल्याने असा विचार पेरला जात नाही, हे मी प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण तोंडाने तो प्रश्न एकदाही म्हणून घेतला नव्हता. त्या दुपारी प्रत्येकाने तो मोठ्याने म्हटला : ‘जगून काय उपयोग, मेलेलं बरं, असं या पंधरा दिवसांत कधी मनात आलं का?’ ‘मेलेलं’ हा शब्द उच्चारताना दोघींचा आवाज अडकला. पुन्हा म्हणायला लावलं.

ज्यांच्या चाचण्या आधी झाल्या होत्या, त्या सगळ्यांना आठ दिवसांत पुन्हा विचारायचं ठरलं. मावशींनी या वेळी ‘हो’ म्हटलं. विचार होते, पण ठरवलेलं काही नव्हतं. त्यांचा एकूण गुणांक २७ पैकी १७ भरला (जितका जास्त, तितकं नैराश्य गंभीर). आधीच्या कागदावर तो १३ होता.

इथे सगळ्यात अवघड निर्णय होता. नवऱ्याला सांगायचं का? मावशी म्हणाल्या, ‘त्याला नका सांगू, तो आधीच खचलाय.’ पण फवारणीच्या औषधाचा डबा घरात, न्हाणीच्या कोपऱ्यात होता. सीएचओने मावशींशी बोलून मधला मार्ग काढला. मनातल्या विचारांबद्दल त्यांच्या परवानगीशिवाय नवऱ्याला काही सांगायचं नाही, पण औषधाचा डबा घरातून हलवायचा, आणि धोका वाढला असं वाटलं तर मग कुणाला विचारत बसायचं नाही. हे शेवटचं तिने मावशींना तोंडावर सांगितलं. डबा हलवायला आशाताईने निमित्त शोधलं : लेकीचं लेकरू घरी येतं, हात लागेल. डबा चुलत दिराच्या कुलूपबंद कोठीत गेला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मावशींच्या फोनमध्ये ‘दवाखाना २’ या नावाने जतन केला. मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवली आणि त्या दिवशी सासूजवळ शेजारीण बसेल हे आधी पक्कं केलं. तज्ज्ञांनी गोळी सुरू केली. आमच्या भेटीही चालू ठेवायला सांगितल्या.

हा मार्ग बरोबर होता का, यावर आमच्यात अजून दोन मतं आहेत. माझ्या मते तेव्हाच्या परिस्थितीत बरोबर होता. धोका याहून जरा जास्त असता तर तो चुकला असता.

सहा भेटी

‘काय सुटलं?’ या प्रश्नावर मावशी वीस मिनिटं बोलल्या. बचत गटाची बैठक सुटली. अंबाजोगाईच्या बहिणीला फोन करणं सुटलं. एकादशीचं भजन सुटलं. आणि वाकळ. लेकीच्या बाळंतपणासाठी शिवायला घेतलेली वाकळ अर्ध्यावर ट्रंकेत पडून होती. ‘नातू चालायला लागला, वाकळ तशीच.’ हे सांगताना त्या पहिल्यांदा रडल्या.

सीएचओला लगेच वाकळ पूर्ण करायला सांगायची घाई झाली होती. तिने ती आवरली. पहिल्या आठवड्याचं काम ठरलं : ट्रंक उघडून वाकळ बाहेर काढायची, उन्हात घालायची. बस. टाका घालायचा नाही. दुपारी सासूला भरवून झालं की, म्हणजे दीड-दोनच्या सुमारास. काय, कधी, कुठे, आणि आडवं काय येईल, हे चारही ठरल्याशिवाय भेट संपवायची नाही, असा आमचा शिरस्ता पडला होता.

नोंदीचा प्रश्न होता. मी दिलेल्या तक्त्यात सात वार आणि दहापैकी गुण. मावशींना लिहिता येतं, पण ‘हे लेकरांच्या शाळेसारखं वाटायलंय’ म्हणाल्या. आशाताईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकल्या लावायची युक्ती काढली. ठरलेलं काम केलं की त्या तारखेवर टिकली, करून जरा बरं वाटलं तर मोठी. दुसऱ्या भेटीला तीन छोट्या टिकल्या होत्या. तिसऱ्या भेटीला एकही नाही. सासूला ताप होता. पूर्वीच्या पद्धतीने इथे ‘प्रयत्न करायला पाहिजे मावशी’ झालं असतं. सीएचओने विचारलं, ‘त्या दिवसांत असा एखादा वेळ होता का, की कमी वाईट वाटलं?’ होता. पहाटे शेजारीण चहा घेऊन आली तेव्हा. मग पुढच्या आठवड्याचं काम तेच झालं : दोन सकाळी चहा शेजारणीसोबत, तिच्या ओट्यावर.

मध्ये वेळ अमावस्या आली. आमच्याकडे येळवस म्हणजे सगळं गाव रानात. कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदगीभर आंबील आणि वाटेने जाणाऱ्यालाही जेवायला हाक. आदल्या वर्षी मावशी रानात गेल्याच नव्हत्या. या वेळी त्यांनी स्वतःच काढलं : ‘बहिणीला बोलवावं म्हणते, पण एवढं रांधणं व्हायचं नाही माझ्याच्यानं.’ भेटीत त्याचे तुकडे पाडले. सोमवारी फोन. भज्जी जाऊबाईंकडे. मावशींकडे फक्त आंबील. आंबील घुसळायला लागलं की हात आपोआप चालतात, असं त्याच म्हणाल्या. त्या तारखेवर कॅलेंडरवर दोन मोठ्या टिकल्या एकावर एक होत्या.

निष्पत्ती

दहा आठवड्यांनी मावशींचा गुणांक ८ झाला. नवव्या प्रश्नाला ‘नाही’, आणि या वेळी ते विचारण्याच्या पद्धतीतून आलेलं नव्हतं. गोळीमुळे किती आणि भेटींमुळे किती, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही आणि मी सांगणार नाही. उन्हाळ्यात सासू वारली, तेव्हा गुणांक पुन्हा १२ वर गेला. फरक इतकाच की या वेळी त्या सलाईन मागायला आल्या नाहीत. ‘पुन्हा सुटायलंय’ एवढंच म्हणाल्या.

प्रशिक्षणाची निष्पत्ती इतकी गोड नाही. अकरापैकी सात जण गुरुवारच्या बैठकीला टिकले. एका सीएचओची बदली झाली. दोन आशाताई सोडून गेल्या, आणि त्यांची तक्रार रास्त होती. एक आरोग्यसेविका ऑनलाइन नोंदींच्या ओझ्याखाली येऊच शकली नाही. पुरुष रुग्ण जवळजवळ नव्हतेच. सोयाबीनचा भाव पडला, पाऊस लांबला, की ज्यांची सगळ्यात काळजी वाटते तीच माणसं उपकेंद्राच्या बाकावर येत नाहीत. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

ऑगस्टमध्ये प्रशिक्षण घेऊन ऑक्टोबरच्या सोयाबीन काढणीत पहिल्या भेटी पाडणार नाही. त्या महिन्यात रुग्णही नसतात आणि आशाताईही रानात असतात. दोन दिवसांतला एक दिवस कापून त्याचे चार गुरुवार करीन. यादी वाटणार नाही; प्रत्येक गटाकडून ‘आपल्या गावात काय काय सुटतं’ हे फळ्यावर लिहून घेईन. आशाताईंच्या भेटींचा मोबदला सुरू करायच्या आधी ठरवून घेईन, नंतर बघू म्हणणार नाही. पुरुषांसाठी उपकेंद्राबाहेरची जागा शोधावी लागेल. दूध संकलन केंद्राचा ओटा एका आशाताईने सुचवला आहे, अजून करून पाहिलेला नाही.

आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत ‘ना?’ लावून विचारलेल्या त्या नवव्या प्रश्नाचं काय, हे मला अजून टोचतं. त्या काळात तपासलेल्या सगळ्यांना पुन्हा विचारलं आणि सगळे सुखरूप होते. ती आमची हुशारी नव्हे, नशीब. पुढच्या तुकडीला पहिल्या दिवशी, चहाच्या आधी, ओळखपरेड झाली की लगेच हा प्रश्न म्हणायला लावणार आहे. एकेकाला उभं करून, मोठ्याने, ‘ना’ न लावता.